काळी खिडकी आलीच नाही

१

भामाबाई भिंगारदिवे यांचा आवाज दोनदा गेला.

पहिल्यांदा गेला तो पुण्याच्या दवाखान्यात, गळ्यातली गाठ काढताना. डॉक्टरांनी आधीच कल्पना दिली होती. त्यामुळे घरच्यांनी आधीच रडून घेतलं होतं आणि एक शहाणपणाचं कामही उरकलं होतं. ऑपरेशनच्या अगोदर, भिंगारच्या तुषार पाटोळेच्या स्टुडिओत बसून, म्हातारीनं स्वतः रचलेली सगळी गाणी रेकॉर्ड करून ठेवली होती. आवाज जाणार होता, पण गाणी राहणार होती.

दुसऱ्यांदा आवाज गेला तो याच स्टुडिओतून. रविवारी, भर दुपारी, चार माणसं खोलीत बसलेली असताना.

सोमवारी सकाळी ॲडव्होकेट जयमाला शिरसाठ नगरच्या कोर्टात न जाता थेट भिंगारला आल्या. भामाबाई त्यांच्या सख्ख्या आत्या. कोर्टात जयमालाबाईंचा दबदबा असा की त्या उलटतपासणीला उभ्या राहिल्या की साक्षीदार आधी पाणी मागायचा. पण आज त्यांचाच घसा कोरडा पडला होता. लहानपणी याच आवाजाच्या मांडीवर त्या झोपल्या होत्या.

स्टुडिओ म्हणजे तुषारच्या घराची खालची खोली. भिंतींना अंड्यांचे पुठ्ठे ठोकलेले, कोपऱ्यात काचेचं केबिन, आणि मधोमध टेबलावर गेल्या वर्षी घेतलेला कॉम्प्युटर. त्या वेळी अख्ख्या भिंगारमध्ये गाणी थेट कॉम्प्युटरवर रेकॉर्ड करणारा तुषार एकटाच. त्याचा त्याला अभिमान होता, आणि आज त्याच अभिमानापायी तो मान खाली घालून बसला होता.

"ताई, सकाळी मी स्वतः ऐकली होती गाणी. सगळी होती. दुपारी चहा झाला, बन्सीभाऊंना ऐकवायला बसलो, तर फोल्डरच नाही. पुसलेली गाणी कचरापेटीत जातात, तिथं नाहीत. एकेक नाव टाकून शोधलं. कुठंच नाहीत."

"दुसरीकडं उतरवून ठेवली नव्हतीस? कॅसेटवर?"

तुषारनं नकारार्थी मान हलवली.

"खोलीत कोण कोण होतं?"

"मी, सीमा, बन्सीभाऊ आणि सहादेवमामा. बाहेरचं कोणी आलं नाही. दाराला तर मी पाठ लावून बसलो होतो. म्हणजे ताई, ज्यानं केलं तो आमच्या चौघांतलाच आहे."

२

जयमालाबाईंनी पदर खोचला आणि कॉम्प्युटरसमोरच्या खुर्चीत बसल्या. कोर्टात टायपिस्टच्या टेबलावर असला डबा त्यांनी पाहिला होता, हात कधी लावला नव्हता.

"मला काही कळत नाही असं समजून सांग," त्या म्हणाल्या. "यातून एखादी गोष्ट घालवायची तर कशी घालवतात?"

उत्तर तुषारच्या बायकोनं, सीमानं दिलं. कॅसेटची कव्हरं तीच टाईप करायची. "हातानं पुसायची तर मशीन आधी विचारतं, खरंच पुसू का म्हणून. शिफ्टची कळ दाबून पुसलं तर कचरापेटीतही जात नाहीत, कायमची जातात. पण विचारल्याशिवाय नाहीच. पडद्यावर मोठी चौकट येते. आम्ही सगळे समोरच होतो, कोणीतरी पाहिलीच असती."

"आणि मशीननं आपोआप केलं असेल तर?"

"तसं पंकजचं एक काम आहे," तुषार म्हणाला. पंकज दुशिंग हा कॉम्प्युटर जोडून देणारा मुलगा. तुषारचा दोस्त, हाताचा हुशार, बोलायला तुटक. "गाण्यावर माऊसचं उजवं बटण दाबलं की एक मेनू उघडतो. त्यात पंकजनं स्वतःचं एक नाव घातलंय, 'साफ'. ते दाबलं की गाण्यातली खरखर निघते. पण ते चालू झालं की पडद्यावर भली मोठी काळी खिडकी उघडते आणि आत पांढरी अक्षरं सरसर धावतात. न दिसायचा प्रश्नच नाही. भामाआत्या तर पहिल्यांदा बघून ओरडल्याच होत्या."

"मग रविवारी?"

"काळी खिडकी आलीच नाही," दोघंही एकदम म्हणाले.

जयमालाबाईंनी ते वाक्य मनात बाजूला ठेवलं. दोन साक्षीदार एकच वाक्य एका सुरात बोलले की त्यांना ते वाक्य जरा जास्तच तपासून घ्यावंसं वाटे.

"दुपारी आणखी काही वेगळं झालं? कितीही किरकोळ असू दे."

सीमा आठवू लागली. "मी कव्हर टाईप करत होते. मशीन फार जड चाललं होतं. 'भामाबाई' पूर्ण लिहून झालं तरी पडद्यावर नुसता 'भा'च. डब्यावरचा लाल दिवा सारखा लुकलुकत होता. हे म्हणाले, आता मशीन भरत आलंय, नवीन गाण्यांना जागाच उरली नाही, म्हणून धापा टाकतंय."

"पंकजला विचारलंत?"

तुषारचा चेहरा पडला. "तो सापडत नाही, ताई. शनिवारी मी शिंगणापूरला साऊंडच्या कामाला गेलो होतो, तेव्हा तो येऊन गेला म्हणे. तेव्हापासून घरी नाही."

३

बन्सी लोंढे यांचं कॅसेटचं दुकान भिंगारच्या जुन्या बाजारात. जिल्ह्याच्या यात्रा-जत्रांत गाणी पोचवायची तर बन्सीभाऊंशिवाय ती पोचत नसत. जयमालाबाई दिसताच त्यांनी टेपचा आवाज कमी केला आणि स्टूल पुढं सरकवलं.

"माझ्यावर संशय हाय ना? असनारच. मीच बोलून बसलोय."

"काय बोललात?"

"की गानी झकास हायेत, पन आवाज म्हातारा झाला. एखादी तरणी पोरगी घेऊ, मागं कीबोर्ड टाकू, लोक नाचतील. रविवारी तेच सांगाया गेल्तो." ते ओशाळले. "पन तुषारनं बसवलं, म्हनला आधी नीट ऐका. मी म्हनलो ठीक हाय, ऐकतो. अन् ऐकायचं तर गानीच गायब! वकीलबाई, मला ती चोरून काय करायचंय? बाईच्या नावावर मागनारं गिऱ्हाईक हाय. शेवगावपासनं पाथर्डीपातूर लोक विचारत्यात, भामाबाईची कॅसेट कवा येनार."

"मशीनला हात लावलात?"

"नाव नका काढू. त्या उंदराला मी शिवत न्हाई." बन्सीभाऊ थोडं पुढं झुकले. "पन सांगून ठिवतो. सहादेव चिडल्याला हुता. माझ्यादेखत म्हनला, ही गानी अशी भायेर जाऊ द्यायची न्हाईत. अन् दुसरं. शनिवारी पंकज तुषारच्या घरातनं भायेर पडला तवा मी समोरच्या पानाच्या टपरीवर हुतो. पळतच येष्टी गाठली त्यानं. पिशवीत काय हुतं म्हायतीय? तसलाच लोखंडी डबा, जो मशीनच्या पोटात असतो. गानी त्यातच साठवत्यात ना?"

४

सहादेव साळवे छावणीच्या वर्कशॉपमधून रिटायर झालेले. उभा जन्म भामाबाईंच्या मागं बसून त्यांनी पेटी वाजवली. भीमजयंती असो, कुणाचं लग्न असो, की विहारातला कार्यक्रम, भामाबाईंनी सूर लावला की सहादेवांचा हात भात्यावर गेलेलाच असायचा. जयमालाबाई पोचल्या तेव्हा ते अंगणात पेटी उघडून मऊ फडक्यानं आतल्या सूरपट्ट्या पुसत होते.

"मामा, गाणी बाहेर जाऊ द्यायची नाहीत, असं म्हणालात?"

"म्हनलो. खोटं कशाला बोलू?" म्हातारा फुगूनच बसला होता. "जयमाला, तू ऐकलीस का ती गानी? तिचा आवाज खणखणीत हाय, ढोलकी हाय, अन् माझी पेटी? कुटं तरी लांब, शेजारच्या आळीत वाजल्यागत. मी म्हनलो, मला नीट ऐकू दे, अन् मग भायेर काढा. त्यात काय चुकलं?"

"मशीनला हात लावला होता तुम्ही?"

"लावला की. तुषार अन् बन्सी वाद घालत हुते, सीमा चहा आनाया वर गेल्ती. म्हनलं, आपनच बघावं."

"आणि काय केलंत?"

"काय न्हाई केलं. काय झालंच न्हाई." त्यांनी फडकं झटकलं. "एवढं थोर मशीन. माझ्या वाद्याचं नाव तेवढं लिवून ठिवतंय, अन् वाजव म्हनलं की मुकं! मग सीमा आली, मी उटलो."

जयमालाबाईंना वाटलं, कव्हरवर छापल्या जाणाऱ्या नावाबद्दल म्हातारा बोलतोय. त्यांनी मान डोलावली. कोर्टात असं वाक्य त्यांनी सहज जाऊ दिलं नसतं, पण समोर मामा होते, आणि मामांच्या डोळ्यांत पाणी होतं.

"ती आता गानार न्हाई," सहादेव पेटीकडं बघत म्हणाले. "माझी बी मग शेवटचीच ना ही वाजवन्याची येळ. शेवटचं तरी ऐकू यावं, एवढंच हुतं."

असा माणूस ती गाणी पुसेल? जयमालाबाईंचं मन नाही म्हणत होतं. पण मन नाही म्हणतं म्हणून कुणी निर्दोष सुटत नाही, हेही त्यांना ठाऊक होतं.

५

भामाबाई ओसरीवर उन्हात बसल्या होत्या, गळ्याला पांढरा रुमाल बांधून. आवाज म्हणजे आता नुसती कुजबुज. त्यांनी भाचीला जवळ ओढून आधी तोंडावरून हात फिरवला आणि मग भाकरी खाल्लीस का, ते विचारलं.

गाणी गेल्याचं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. जयमालाबाईंनीही सांगितलं नाही. गप्पा मारता मारता त्यांनी पंकजचा विषय काढला.

"गुनाचं पोरगं हाय," भामाबाई कुजबुजल्या. "शनवारी मी तितंच हुते. म्हनलं, माझी गानी मला ऐकव. सीमा वर सैपाक करत हुती, तर ह्योच आला. त्यानं ऐकवली. मी म्हनलं, बाबा, ती काळी खिडकी तेवढी लावू नको, काळजात धस्स हुतं. तर हसाया लागला. म्हनला, आत्या, आता ती दिसनारच न्हाई. काम हुईल, पन खिडकी न्हाई."

जयमालाबाईंच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला.

"काम होईल, पण खिडकी नाही. असं म्हणाला?"

"व्हय. अन् जाताना म्हनला, तुषारला सांगा, पेटी करून ठिवली. मी सांगितलं तुषारला."

"आत्या, कोणती पेटी?"

"मला काय म्हाईत? सहादेवाचीच असंल. कुरकुरती ना हल्ली."

पण सहादेवमामांची पेटी तर मघाशी अंगणात उघडी पडली होती, आणि तिला मामांशिवाय दुसऱ्या कुणाचा हात लागल्याचं त्यांच्या तोंडून आलं नव्हतं. उलट ते भलतंच काहीतरी बोलले होते. माझ्या वाद्याचं नाव लिवून ठिवतंय, अन् वाजव म्हनलं की मुकं.

जयमालाबाई उठून उभ्या राहिल्या. कप त्यांनी उंबऱ्यावरच ठेवला.

"काय गं, काय झालं?"

"काही नाही आत्या. सगळे खरं बोलत होते, एवढंच मला आत्ता कळलं."

६

संध्याकाळी त्यांनी सगळ्यांना स्टुडिओत जमवलं. बन्सीभाऊ दारापाशी उभे राहिले, म्हणजे वाटलं तर निघून जाता येईल. सहादेवमामा कोपऱ्यात. तुषार आणि सीमा टेबलाजवळ.

"मी आज दिवसभर एकाच वाक्यावर अडले होते," जयमालाबाईंनी सुरुवात केली. "काळी खिडकी आलीच नाही. तुम्ही दोघांनी तेच सांगितलंत, आणि ते खरंच होतं. पण त्यावरून तुम्ही ठरवलंत की मशीननं काहीच केलं नाही, म्हणजे कुणीतरी हातानं पुसलं. तिथंच चूक झाली. सीमा, गाणी पुसायला मशीनला किती वेळ लागतो?"

"डोळ्याचं पातं लवतं न लवतं तेवढा."

"मग तू टाईप करत होतीस तेव्हा मशीन इतका वेळ का धापा टाकत होतं? दिवा का लुकलुकत होता? ते पुसत नव्हतं. ते काहीतरी अवजड उचलून दुसरीकडं नेत होतं. तुमच्या डोळ्यांदेखत, पण पडद्याआड. कारण शनिवारी पंकजनं आत्याला सांगितलंय, काम होईल, पण खिडकी दिसणार नाही."

तुषारनं डोळे विस्फारले. "पण ताई, पंकज रविवारी नव्हता. मग चालू कुणी केलं?"

"ते ज्यानं केलं, त्याला स्वतःलाच माहीत नाही." त्या कोपऱ्याकडं वळल्या, आणि कोर्टात त्यांचा आवाज कधी होत नसे इतका मऊ झाला. "मामा, इकडं या. सीमा, नको असलेली जुनी काही गाणी एका नव्या फोल्डरमध्ये टाक. हं. आता मामा, रविवारी केलंत तेच पुन्हा करा."

सहादेवमामा बिचकत खुर्चीत बसले. जाड बोटांनी त्यांनी माऊस धरला, बाण हळूहळू त्या फोल्डरवर नेला. "तुषार उजवी कळ दाबतो, ते मी बगितलं हुतं. म्हनून मी बी उजवीच दाबली."

मेनू उघडला. नेहमीच्या नावांच्या खाली एक नाव होतं, इंग्रजी अक्षरांत, जे तुषारनं आजवर पाहिलं नव्हतं. तो नेहमी उजवं बटण दाबायचा ते एकेका गाण्यावर. आख्ख्या फोल्डरवर दाबायची त्याला कधी गरजच पडली नव्हती.

"हे काय," सहादेवमामा म्हणाले. "पी, ई, टी, आय. वर्कशॉपात एवढं इंग्रजी शिकलोय मी. पेटी! म्हनलं, हे दाबलं की नुसती पेटी वाजत आसंल." आणि त्यांनी ते दाबलं.

काहीच झालं नाही. काळी खिडकी आली नाही, चौकट आली नाही, कसला आवाजही आला नाही. फक्त डब्यावरचा लाल दिवा लुकलुकू लागला. सगळे पडद्याकडं बघत राहिले. आणि बघता बघता तो फोल्डर पडद्यावरून नाहीसा झाला.

"अगं आई गं!" बन्सीभाऊ दारातून चार पावलं आत आले.

सहादेवमामांनी माऊस सोडून दिला. "म्हंजे मी... जयमाला, म्या घालवली तिची गानी?"

कुणाला काही बोलायच्या आत बाहेर चपला वाजल्या आणि दारात पंकज उभा राहिला, खांद्याला तीच पिशवी, केसांत शेवगावच्या रस्त्याची धूळ. सगळ्यांचे चेहरे बघून तो गोंधळला.

"काय झालं? पेटी चालत नाही का?"

७

मग पुढचा सगळा वेळ पंकज एकटाच बोलला, आणि आयुष्यात पहिल्यांदाच इतकं सलग बोलला.

मशीन भरत आलंय अशी तुषारची तक्रार होती. म्हणून झालेल्या गाण्यांचं गाठोडं बांधून दुसऱ्या डिस्कवर नेऊन ठेवायची सोय त्यानं केली होती. सामान भरून ठेवायचं, म्हणून नाव दिलं पेटी. पेटी म्हणजे ट्रंक, त्याच्या घरी तसंच म्हणत. गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या घरात पेटी म्हटलं की हार्मोनियम, हे त्याच्या डोक्यातही आलं नव्हतं. भामाआत्यांकडून आलेला निरोप तुषारलाही मामांच्या पेटीचाच वाटला होता. गाठोडं बांधलं की आतली गाणी आपापल्या नावानं दिसत नाहीत, म्हणून तुषारला शोधूनही सापडली नाहीत. आणि भामाआत्या घाबरतात म्हणून त्यानं खिडकी लपवली. काम सांगायचं ते थेट न सांगता मध्ये एका छोट्या प्रोग्रामला सांगायचं, आणि तो ते गुपचूप करून घेतो. नवीन विंडोजमध्ये ते जमतं, याचा त्याला फार आनंद झाला होता.

"आणि पिशवीतला डबा?" बन्सीभाऊंनी शंका काढलीच.

"शेवगावच्या एका आडत्याचा. बिघडलाय. तिकडंच गेलो होतो दोन दिवस." पंकजनं पिशवी मिठीत धरली. "का?"

"काय न्हाई, काय न्हाई," बन्सीभाऊ म्हणाले आणि अंड्यांच्या पुठ्ठ्यांकडं बघू लागले.

पंकज खुर्चीत बसला. त्यानं दुसरी डिस्क उघडली. तिथं दोन गाठोडी होती. त्यानं मोठं सोडायला घेतलं. लाल दिवा पुन्हा लुकलुकला, आणि या वेळी खोलीतल्या प्रत्येकाची नजर त्याच्यावर खिळली होती. मग पडद्यावर एकेक गाणं परत येऊन बसू लागलं. सीमा हळूच नावं वाचत होती. शेवटचं नाव आलं तेव्हा तिनं डोळ्यांना पदर लावला.

सहादेवमामा अजून खाली मान घालून होते. जयमालाबाई त्यांच्याशेजारी जाऊन बसल्या.

"मामा, तुम्ही काही घालवलं नाहीत. उलट तुम्ही ती व्यवस्थित बांधून ठेवलीत."

"तू वकील हायस. तू कायबी शाबित करशील," मामा म्हणाले, पण हसू लपलं नाही.

पंकजनं त्याच रात्री खिडकी लपलेलीच ठेवून एक नवी गोष्ट घातली. काम सुरू होताना पडद्यावर छोटी चौकट येई आणि विचारी, गाणी बांधून ठेवू का? नावही त्यानं बदलून 'गाठोडं' केलं. आणि तुषारनं सहादेवमामांना शेजारी बसवून प्रत्येक गाण्यातली पेटी थोडी पुढं आणली. थोडी म्हणता म्हणता बरीच आणावी लागली, कारण मामा हलेचनात.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या आदल्या दिवशी सकाळी पहिली कॅसेट तयार झाली. तरण्या पोरीचा आणि कीबोर्डचा विषय बन्सीभाऊंनी पुन्हा काढला नाही. त्यांनी टेप स्वतः उचलून भामाबाईंच्या ओसरीवर आणून ठेवला. आळीतल्या बाया हातातलं काम टाकून आल्या. जयमालाबाई आत्याच्या पायाशी बसल्या, सहादेवमामा खांबाला टेकून. बन्सीभाऊंनी बटण दाबलं.

पेटीचा सूर आला, स्वच्छ, अगदी कानाजवळ. आणि मग तो आवाज, भरदार, जरासा खरखरीत, मधेच हसल्यासारखा:

लेक चालली शाळंला, हाती पाटी नि पेन्सिल,
माझ्या अडानी डोळ्याला तिचं अक्षर दिसंल.

भामाबाई मान किंचित कलती करून, दुसऱ्या कुणाचं गाणं ऐकावं तशा, शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. गाणं संपलं तेव्हा त्यांनी जयमालाबाईंना खूण करून जवळ बोलावलं. भाचीनं कान त्यांच्या ओठांशी नेला.

"ही बाई," भामाबाई कुजबुजल्या, "बरी गाती, न्हाई?"